विश्लेषण : शेतात सडणारी भाजी बीडच्या वसतिगृहातील ताटात का पोहोचत नाही?

फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजार समितीत नेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हातात उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. तेही रोख मिळाले नाहीत, दोन रुपयांचा पुढच्या तारखेचा धनादेश मिळाला. ती पट्टी मोबाइलवरून राज्यभर फिरली. विधानभवनात आमदार कांद्याच्या माळा घालून आले. पुढे क्विंटलला ३५० रुपये, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत, असे अनुदान जाहीर झाले आणि विषय मागे पडला.

त्या पट्टीतला दुसरा आकडा मात्र फारसा कुणी पाहिला नाही. ५१२ रुपयांच्या मालातून सुमारे ५०९ रुपये कापले गेले. म्हणजे एक किलो कांदा शेतातून बाजारात नुसता हलवायलाच जवळपास एक रुपया लागला. काढणीची मजुरी त्यात नाही. उद्या हाच शेतकरी म्हणाला, ‘‘घेऊन जा फुकट, कुणाच्या तरी पोटात जाऊ दे’’, तरी तो कांदा फुकट पडत नाही. तो उपटायचा कुणी, भरायचा कुणी आणि न्यायचा कुणी, हा खर्च शिल्लक राहतोच.

आष्टी, केजकडचा कांदाही सोलापूरची वाट धरतो. आणि त्याच फेब्रुवारीत बीड जिल्ह्यात, ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मुले गावातल्या हंगामी वसतिगृहांत जेवत होती. एकीकडे उकिरड्यावर जाणारा माल, दुसरीकडे भाजीसाठी पै-पै मोजणारे स्वयंपाकघर. अंतर फार तर दहा-वीस किलोमीटरचे. शेत आणि गरजूचे ताट जोडणाऱ्या उपक्रमांवर अमेरिकेत, ब्राझीलमध्ये आणि आपल्या शेजारच्या तेलंगणातही बरेच काम झाले आहे. त्यातून निघणारा धडा बीडसाठी महत्त्वाचा आहे. शेतकऱ्याच्या दानतीवर उभी केलेली साखळी एका हंगामात तुटते. त्याला पैसे देणारी साखळी, रक्कम छोटी असली तरी, टिकते.

अन्न बँक म्हणजे नेमके काय?

उरलेले किंवा विकले न जाणारे पण खाण्याजोगे अन्न गोळा करायचे, साठवायचे आणि गरजूंना जेवू घालणाऱ्या संस्थांना द्यायचे, ही अन्न बँकेची साधी व्याख्या. आधुनिक काळातली पहिली अन्न बँक १९६७ मध्ये अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. भारतात हा शब्द उच्चारला की लग्नातले उरलेले जेवण आठवते. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) २०१५ मध्ये सुरू झालेली रोटी बँक किंवा देशभर पसरलेली ‘रॉबिनहूड आर्मी’ ही शहरातली उदाहरणे. हे सगळे शिजवलेल्या अन्नाचे काम आहे. शेतातल्या कच्च्या मालाचे गणित वेगळे असते.

तसे पाहिले तर मराठवाड्याला ही कल्पना नवी नाही. जमिनीत पेव खणून ज्वारी साठवणारा हा प्रदेश आहे. सुगीत सगळ्यांनी धान्य जमा करायचे आणि टंचाईत गरजूला द्यायचे, याला मराठीत ‘धर्मगोळा’ असा नेमका शब्द आहे. निजामाच्या राजवटीत शेवटच्या काळात सहकार खात्याने गावोगावी धान्य बँका काढल्या होत्या. स्वतंत्र भारतात केंद्र सरकारने १९९६-९७ मध्ये ११ राज्यांत ग्राम धान्य बँक योजना आणली. त्यात महाराष्ट्रही होता. एका बँकेत साधारण ४० कुटुंबे आणि कुटुंबामागे एक क्विंटल धान्य, असा तिचा आराखडा होता. आज तिची आठवणही कुणी काढत नाही.

या सगळ्यात साठा होता तो धान्याचा. भाजी, फळे, दूध यांना पेव चालत नाही. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांत हाताबाहेर जाते. खरा पेच इथेच आहे. रेशनवर मिळणाऱ्या तांदूळ-गव्हाने पोट भरते, पण ताटात जे कमी पडते ते सगळे नाशवंत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. पोत्यातले धान्य वाढवून हे आकडे खाली येत नाहीत. पालेभाजी, डाळ, अंडी लागतात.

माल शेतातच का राहतो?

शेतमालाच्या नासाडीचा भारतातला आकडा नेहमी वापरला जातो तो ‘नॅबकॉन्स’च्या २०२२ च्या अहवालातला. वर्षाला सुमारे १ लाख ५२ हजार कोटी रुपयांचे नुकसान. भाजीपाल्यात पीकनिहाय ४.८७ ते ११.६१ टक्के आणि फळांत ६.०२ ते १५.०५ टक्के. पण हा हिशेब काढणीपासून पुढचा आहे. भाव पडला म्हणून शेतकऱ्याने टोमॅटोच्या उभ्या पिकात जनावरे सोडली किंवा कोबीवर रोटाव्हेटर फिरवला, तर तो माल या टक्केवारीत कुठे दिसणार?

कॅलिफोर्नियात सांता क्लारा विद्यापीठाच्या ग्रेगरी बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच मोजले. शेतकऱ्याला विचारून नाही, तर काढणीनंतर प्रत्यक्ष शेतात उतरून. विकल्या गेलेल्या मालाच्या जवळपास एक तृतीयांश इतका खाण्याजोगा माल मागे राहिलेला सापडला. कारणे ओळखीची आहेत. आकार लहान, डाग पडलेला, मजूर मिळाले नाहीत, त्या आठवड्यात भाव नव्हता. शेतकरी निष्काळजी होता, असे कारण यात नाही. काढणीचा खर्च मिळणाऱ्या भावापेक्षा जास्त झाला की माल शेतात सोडणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय ठरतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक-औरंगाबाद पट्ट्यात टोमॅटो किलोला दोन-तीन रुपयांवर आला आणि शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. लगेच शहरातून प्रश्न आला : फेकण्यापेक्षा गरिबांना का वाटला नाही? प्रश्न विचारणाऱ्याने एकदा क्रेटचे, टेम्पोचे आणि मजुराचे भाडे विचारायला हवे होते.

आपल्याकडे पूर्वी सरवा वेचत. ज्वारी काढून झाली की शेतात राहिलेली कणसे, भुईमुगाच्या शेंगा गावातल्या गरीब बायका वेचून नेत आणि शेतकरी त्याला हरकत घेत नसे. परदेशातले अनेक उपक्रम हेच स्वयंसेवकांकडून करून घेतात. बसभर माणसे येतात, उरलेली सफरचंदे तोडतात, अन्न बँकेला देतात. बीडमध्ये मात्र नोव्हेंबर ते मार्च या काळात सरवा वेचणारे हातच गावात नसतात. ते कोल्हापूर, सांगलीकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. गावात राहतात म्हातारी माणसे आणि लहान मुले. स्वयंसेवकांवर आधारलेले प्रारूप इथे उचलून आणता येणार नाही, याचे कारण हे आहे.

दान घ्यायचे की विकत घ्यायचे?

अमेरिकेत या प्रश्नाची दोन सरकारी उत्तरे एकाच वेळी चालू होती.

पहिले उत्तर २०१८ च्या शेती कायद्यातले. या कायद्याने ‘शेत ते अन्न बँक’ प्रकल्पांसाठी निधी ठेवला. अट अशी, की हा पैसा काढणी, प्रक्रिया, पॅकिंग आणि वाहतूक यांवर खर्च करता येईल, माल विकत घेण्यासाठी नाही. म्हणजे शेतकरी माल दान देणार आणि सरकार तो हलवण्याचा खर्च उचलणार. राज्यांनीही आपला वाटा घालायचा. काही राज्यांतल्या अन्न बँका याहून थोड्या पुढे जातात. तोडणी आणि भरणीचा खर्च निघेल एवढी रक्कम त्या थेट शेतकऱ्याच्या हातात ठेवतात. नफा नाही, पण नुकसानही नाही. सोलापूरच्या त्या पट्टीवर हा हिशेब लावून पाहावा. किलोमागे दोन-तीन रुपये काढणी-भरणीचे आणि एक रुपया गाडीचा मिळाला असता, तर तो कांदा बाजार समितीच्या दारात जाण्याची गरजच नव्हती.

दुसरे उत्तर करोनानंतरचे. २०२१ च्या अखेरीस तिथल्या कृषी खात्याने राज्यांना स्थानिक, छोट्या शेतकऱ्यांकडून माल थेट विकत घेऊन अन्न बँकांना देण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात ४० कोटी डॉलर. यात शेतकऱ्याला बाजारभाव मिळत होता. पुढच्या हंगामात काय लावायचे हे तो आधी ठरवू शकत होता आणि अन्न बँकेला डबाबंद पदार्थांऐवजी ताजी भाजी मिळत होती. मार्च २०२५ मध्ये नव्या सरकारने पुढच्या टप्प्याचा निधी रद्द केला. त्या खरेदीच्या भरवशावर हंगामाचे नियोजन केलेले शेतकरी अडचणीत आले. खरेदी हा उत्तम मार्ग, पण एकाच सरकारी तिजोरीवर टांगलेली खरेदी धोक्याची, हेही त्यातून दिसले.

या विषयात ब्राझीलचा अनुभव सर्वात जुना आणि बीडला सर्वात जवळचा. राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या ‘शून्य भूक’ मोहिमेत २००३ मध्ये अन्न खरेदी कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या एका प्रकाराचे नावच ‘खरेदीसह तत्काळ दान’ असे आहे. सरकार कौटुंबिक शेती करणाऱ्याकडून निविदेशिवाय, स्थानिक बाजारभावाने माल घेते. तो गोदामात जात नाही. त्याच भागातल्या अनाथालयाला, सामुदायिक स्वयंपाकघराला किंवा अन्न बँकेला थेट पोहोचतो. एका कुटुंबाने वर्षाला किती रकमेचा माल विकायचा याला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे मोठे बागायतदार सगळे ओरपून नेऊ शकत नाहीत. २००९ मध्ये कायदा करून शालेय भोजनाच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेतीच्या खरेदीसाठी राखून ठेवली गेली.

त्यावर झालेल्या अभ्यासांत चांगले आणि वाईट दोन्ही सापडते. हमखास गिऱ्हाईक मिळाल्यावर शेतकऱ्यांनी एका पिकाऐवजी चार-पाच पिके घ्यायला सुरुवात केली. दुसरीकडे पैसे उशिरा मिळण्याची तक्रार वर्षानुवर्षे राहिली आणि सर्वात गरीब शेतकरी कागदपत्रांच्या चाळणीत गळाले. २०१३ मध्ये तर पाराना राज्यात पोलिसांनी या कार्यक्रमातल्या काही शेतकऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना गैरव्यवहाराच्या आरोपावरून अटक केली. ठरलेल्या पिकाऐवजी दुसरेच पीक दिल्याचे प्रकार त्यात होते. शेतात ऐनवेळी जे आले ते दिले, कागदावर मात्र जुनेच नाव राहिले. पुढे न्यायालयात हे आरोप टिकले नाहीत, पण तोवर त्या भागातला कार्यक्रम मोडून पडला होता. पालक लागला नाही म्हणून मेथी दिली तर तो गुन्हा ठरू नये, इतकी साधी तरतूद नियमात नसली की असे होते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुख्याध्यापकाला हे वाचून लेखापरीक्षण आठवेल.

बटाट्याच्या गावाला बटाटे

आणखी एक अनुभव, वाटपाचा. अमेरिकेतल्या अन्न बँकांची शिखर संस्था पूर्वी रांगेच्या पद्धतीने माल वाटायची. ज्याचा नंबर त्याला जे असेल ते. परिणामी बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहोसारख्या राज्यालाही बटाटेच दिले जायचे. शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ कॅनिस प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही पद्धत बदलली. प्रत्येक अन्न बँकेला गरजेनुसार लुटुपुटूचे चलन दिले आणि हवा त्या मालावर बोली लावायची मुभा दिली. अन्न बँक चालवणारे काही जण आधी या ‘बाजारा’च्या विरोधात होते. नंतर त्यांनाही पटले, कारण गरजू संस्थेला काय हवे हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होते.

बीडला असल्या लिलावाची गरज नाही. पण देणाऱ्याकडे काय उरले आहे यावरून ताट ठरत असेल, तर मुलांना महिनाभर कोबीच मिळेल.

बीडमध्ये अन्न बँक आहे कुठे?

नावाने नाही. कामाने मात्र शेकडो आहेत, आणि बहुतेक सरकारी पैशावर चालतात. शाळेतला पोषण आहार आहे, अंगणवाडीतला गरम ताजा आहार आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी आहे. दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे तिचे ठरलेले माप. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समित्या चालवतात ती हंगामी वसतिगृहे आहेत. शिवाय लोकवर्गणीवर उभ्या असलेल्या संस्था आहेत : शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचे ‘शांतिवन’, पालीचे ‘इन्फंट इंडिया’. अंबाजोगाईच्या ‘मानवलोक’सारखी १९८२ पासून गावपातळीवर काम करणारी संस्थाही जिल्ह्यात आहे. खाणारी तोंडे कुठे आहेत, हे शोधायला वेगळे सर्वेक्षण नको.

यांतली हंगामी वसतिगृहे सर्वात लक्षवेधी, कारण त्यांचे वेळापत्रक. साखर कारखान्यांचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. नेमक्या याच महिन्यांत मुले गावात आजी-आजोबांजवळ थांबतात आणि वसतिगृहात जेवतात. नेमक्या याच महिन्यांत बीडच्या शेतात मेथी, पालक, वांगी, कोबी, टोमॅटो येतो, तूर निघते, हरभरा भरतो, ज्वारीचा हुरडा होतो. मेथीची जुडी दोन-तीन रुपयांवर घसरते तीही याच दिवसांत. पुरवठा आणि गरज यांचे कॅलेंडर इतके तंतोतंत जुळणे दुर्मीळ. जगातल्या बहुतेक अन्न बँकांना हे भाग्य लाभत नाही. त्यांच्याकडे भाजी उन्हाळ्यात येते आणि भूक हिवाळ्यात वाढते.

आकडा फार मोठाही नाही. समजा एका वसतिगृहात ५० मुले आहेत आणि प्रत्येकाला दोन वेळा मिळून २०० ग्रॅम भाजी द्यायची आहे. दिवसाला १० किलो, महिन्याला तीन क्विंटल. गावातले चार-पाच शेतकरी आलटून पालटून हे सहज देऊ शकतात. त्यासाठी शीतगृह लागत नाही, ट्रक लागत नाही. बचत गटाच्या ताब्यातला एक ‘छोटा हत्ती’ सकाळी सात-आठ गावे फिरून आला तरी भागते.

आणि गावांना हे जमत नाही असे कुणी म्हणू नये. अखंड हरिनाम सप्ताहाच्या काल्याला हजारो माणसे जेवतात. घराघरातून भाकऱ्या येतात, आमटीची डाळ, मसाला, सरपण कुणाकडून किती हे ठरलेले असते, ट्रॅक्टर कुणाचा हेही ठरलेले असते. तारीख आधी माहीत, जेवणाऱ्यांचा अंदाज आधी माहीत, प्रत्येकाचा वाटा आधी माहीत. अन्न बँकांवरचे संशोधन ज्याला पूर्वनियोजित पुरवठा म्हणते, तो बीडमधल्या गावांना पाठ आहे. फरक एवढाच की सप्ताह सात दिवसांचा असतो आणि वसतिगृह पाच-सहा महिन्यांचे. सात दिवस पुण्यावर चालतात. सहा महिने चालवायचे तर मजुरी द्यावी लागते.

मग अडते कुठे?

कायद्यात अडत असेल असे वाटते, पण तसे नाही. महाराष्ट्राने जुलै २०१६ मध्येच फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. वसतिगृहाने बांधावरून भाजी घेतली तर कुणाची परवानगी लागत नाही. अन्नसुरक्षा कायदा शेतकऱ्याला आणि त्याच्या पिकाला लागूच होत नाही, त्यामुळे परवाना हाही अडसर नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये वेगळे नियमही आले आहेत.

अडते ते खरेदीच्या सवयीत. दिवाळी २०२२ चा ‘आनंदाचा शिधा’ आठवावा. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. हरभरा बीडच्या रानात पिकतो, सोयाबीन तर खरिपाचे मुख्य पीक. साखर बीडच्याच मजुरांनी तोडलेल्या उसाची. पण खरेदी झाली मुंबईतून, राज्यस्तरीय निविदेने. पाकिटावर चित्रे होती, शेतकऱ्याचा पत्ता नव्हता. एका निविदेत दीड कोटींहून अधिक संच घ्यायचे ठरले की आष्टीची शेतकरी कंपनी किंवा धारूरचा बचत गट पहिल्याच अटीत बाद होतो.

अंगणवाडीच्या आहाराचेही असेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते की या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत. तरी महाराष्ट्राने मोठ्या पुरवठादारांनाच झेपतील अशा अटी घातल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती निविदा रद्द करावी लागली. मोठे कंत्राट अधिकाऱ्याला सोयीचे असते. एक सही, एक देयक, एक जबाबदार माणूस. दहा शेतकऱ्यांकडून दहा किलो भाजी म्हणजे दहा पावत्या आणि दहा शंका.

शाळेत भाजीपाला आणि इंधनाचा खर्च आजही स्थानिक पातळीवर होतो, म्हणजे दार उघडेच आहे. पण अनुदान महिनोन् महिने थकते, तेव्हा मुख्याध्यापक उधार देणाऱ्या दुकानदाराकडे जातात. शेतकरी तीन महिने उधारी सोसू शकत नाही, दुकानदार सोसतो आणि भावात वसूल करतो. ब्राझीलमधल्या अभ्यासांत पैसे उशिरा मिळण्याची तक्रार सतत येते ती याचसाठी. भावापेक्षाही पैसे कधी मिळतात यावर छोटा शेतकरी गिऱ्हाईक ठरवतो.

देणारा आणि घेणारा एकच असेल तर?

बीडमधली सर्वात अवघड गोष्ट ही आहे. अन्न बँकेच्या कल्पनेत एका बाजूला सुखवस्तू शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला उपाशी माणूस असतो. इथे दोन्ही एकाच घरात सापडतात. दोन एकर कोरडवाहू असलेले कुटुंब खरिपात सोयाबीन, कापूस पिकवते आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन फडावर जाते.

राज्य सरकारलाही हे माहीत आहे. म्हणूनच २०१५ मध्ये बीडसह मराठवाडा-विदर्भातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, अन्नसुरक्षा कायद्यात न बसणाऱ्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने द्यायला सुरुवात झाली. २०२३ पासून ते धान्य बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यात जमा करायचे ठरले, पुढे त्याचे १७० झाले. पैसे मिळणे वाईट नाही. पण बाजारात गहू-ज्वारीचा भाव वाढला की १७० रुपयांत येणारे धान्य कमी होते, पाच किलोचे माप मात्र पाच किलोच राहिले असते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेंडिक यांनी १९९८ मध्ये ‘स्वीट चॅरिटी?’ या पुस्तकात नेमका हा धोका दाखवला होता. अन्न बँका चांगल्या चालू लागल्या की सरकारला हात आखडता घेणे सोपे जाते. लोकांना वाटते, काहीतरी होते आहे. बीडमध्ये उद्या एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून चकचकीत अन्न बँक उभी राहिली आणि त्याच वर्षी वसतिगृहांचे अनुदान आटले, तर तो घाट्याचा सौदा ठरेल.

करोनाच्या टाळेबंदीत निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपल्या तीन एकरांपैकी एक एकरातला गहू गरजूंना वाटला. त्याच्या दातृत्वाला तोड नाही. पण तीन एकरवाल्याने एक एकर द्यावा, अशी धोरणाची अपेक्षा असू शकत नाही.

शेजारी काय घडले?

अंबाजोगाईहून आग्नेयेला लातूर, बिदर ओलांडले की तेलंगणातले जहीराबाद लागते. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात समांतर रेशन उभे केले. पडीक ठेवलेल्या जमिनी लागवडीखाली आणण्यासाठी छोट्या शेतकऱ्यांना कर्ज दिले. परतफेड पैशांत नव्हे, ज्वारीत घेतली. ते धान्य गावातच साठवले आणि पावसाळ्यात, हाताला काम नसते तेव्हा, सर्वात गरीब घरांना स्वस्तात विकले. कोण किती गरीब हे तलाठ्याच्या दाखल्यावरून ठरले नाही, गावाने एकत्र बसून ठरवले. या संघांत बहुतांश दलित महिला होत्या. शेतकरी, गोदाम, गिऱ्हाईक सगळे एकाच गावात, त्यामुळे वाहतुकीचा प्रश्नच आला नाही. ज्वारी खाणाऱ्या माणसांना ज्वारीच मिळाली, हे त्याहून मोठे.

अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद २०१३ पासून आहे. कर्नाटक उत्तरेकडच्या जिल्ह्यांत ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी रेशनवर देते. ओडिशाने २०१७ च्या मिलेट मिशनमधून नाचणी खरेदी करून रेशनला आणि अंगणवाडीतल्या लाडवांना जोडली. भाकरी खाणाऱ्या बीडमध्ये रेशन म्हणजे आजही मुख्यतः तांदूळ आणि गहू.

यामुळे कांद्याचा भाव वाढेल का?

नाही, आणि तसे आश्वासन कुणी देऊही नये. पन्नास मुलांचे वसतिगृह दिवसाला दहा किलो भाजी घेते, बाजार समितीत एका दिवशी शेकडो गाड्या कांदा येतो. कोसळलेला बाजार अशा खरेदीने सावरत नाही. निर्यातबंदी, साठवण, आयात यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि तिथेच सोडवावे लागतील. ही खरेदी फार तर काही शेतकऱ्यांना एका हंगामासाठी हमखास गिऱ्हाईक देईल आणि काही मुलांना रोज हिरवी भाजी. अपेक्षा तेवढीच ठेवली तर करण्यासारखे बरेच आहे.

सुरुवात एका तालुक्यापासून करता येईल. शिरूर कासार किंवा धारूर, जिथून कोयते मोठ्या संख्येने बाहेर पडतात. गाळप सुरू होण्याआधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, वसतिगृहांनी किती मुले, किती भाजी याची यादी करायची. ती ग्रामसभेत वाचायची, म्हणजे शेतकऱ्याला रब्बीत एक-दोन वाफे जास्त लावायचे की नाही हे ठरवता येईल. एका कुटुंबाकडून हंगामात किती रुपयांचा माल घ्यायचा याची मर्यादा घालायची. भाव बाजाराशी बांधायचा, पण काढणी आणि वाहतूक सुटेल त्याखाली तो जाऊ द्यायचा नाही. पालकाऐवजी मेथी आली तर पावतीवर मेथी लिहायची मुभा द्यायची. पैसे पंधरा दिवसांत देता यावेत म्हणून जिल्हा नियोजन समितीने फिरता निधी ठेवायचा, अनुदान आले की तो भरून निघेल. माल गोळा करण्याचे काम ‘उमेद’च्या बचत गटांकडे, त्याची मजुरी किलोमागे ठरवून. शांतिवनसारख्या संस्थांना याच फेरीत सामील करून घ्यायचे, कारण टेम्पो त्याच रस्त्याने जाणार आहे.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. लागतो तो जिल्हा परिषदेचा एक ठराव आणि लेखापरीक्षकाला समजेल असे एक पानी परिपत्रक. ते गाळपाच्या आधी निघाले पाहिजे. दिवाळी उलटून ट्रक भरले, मुले वसतिगृहात आली, की मग त्या वर्षी भाजी लावायची वेळ निघून गेलेली असते.